सामान्य वापरकर्ता

सत्ता हातात असून ती न वापरणारी माणसं इतिहासात फार थोडी झाली. त्यांतलं एक मी जवळून पाहिलं आहे. राज्य सोडून वनात गेलेल्या राजांच्या कथा आपण वाचतो, पण त्या राजांनी आधी थोडी वर्षं तरी सिंहासन वापरलेलं असतं. आमच्या या गृहस्थांनी पहिल्या दिवसापासूनच सिंहासनाकडे पाठ करून बसायचं ठरवलं होतं. त्यांचं राज्य म्हणजे नाशिकमधल्या एका धर्मादाय हॉस्पिटलातले जुने कॉम्प्युटर, थोडे प्रिंटर आणि एक स्कॅनर, एवढंच होतं ही गोष्ट वेगळी.

हॉस्पिटलात त्यांना 'सिस्टिमवाले सर' म्हणत. एक्स-रेच्या जुन्या फिल्मा ठेवायच्या खोलीत पार्टिशन घालून त्यांना दुसऱ्या मजल्यावर जागा दिलेली होती. मी तळमजल्यावर विमा काउंटरला. पेशंटचे कागद विमा कंपनीकडे पाठवायचे, मंजुरी आणायची आणि ती येईपर्यंत नातेवाइकांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, हे माझं काम.

फुकट मिळतं म्हणून ट्रस्टने सगळ्या मशीनवर लिनक्स घालून घेतलं होतं. त्यात एक मोठं खातं असतं. त्या खात्यातून आत शिरलेला माणूस काहीही करू शकतो, काहीही पुसू शकतो, त्याला कोणी थांबवत नाही. बाकी सगळ्यांची खाती साधी. त्यांना जेवढी परवानगी दिली असेल तेवढंच करता येतं. मोठ्या खात्याची किल्ली एकट्या सरांकडे होती. ते खातं उघडण्याआधी सर चपला काढून टेबलाखाली सरकवत आणि ताठ बसत. काम झालं की खातं बंद करत, चपला घालत आणि "उतरलो" असं म्हणत. खोलीत दुसरं कोणी नसलं तरी म्हणत. एकदा मी दाराबाहेर उभा असताना ऐकलं आहे.

एरवी दिवसभर ते स्वतःच्या साध्या खात्यात बसत. "अधिकार वाटायला असतात, वापरायला नसतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते इतक्यांदा ऐकवलं जाई की कँटीनवालासुद्धा चहा देताना ते म्हणून दाखवायचा. कँटीनमध्ये सर टोकन घेऊन रांगेत उभे राहत. गुडघे दुखत असूनही लिफ्टने जात नसत, कारण लिफ्ट पेशंटसाठी. मला या सगळ्यात साधेपणापेक्षा साधेपणाचा थाटच जास्त दिसे. माणूस किती नम्र आहे हे इमारतीतल्या प्रत्येकाला माहीत असेल, तर त्या नम्रतेने बरीच मेहनत घेतलेली असते.

पण ढोंगी म्हणावं तर तेही जमत नसे. दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या मशीनवर नाट्यसंगीत ऐकायची परवानगी मिळावी, असा अर्ज त्यांनी एकदा स्वतःच स्वतःकडे केला, त्यावर विचार केला आणि तो नामंजूर केला. पुढे बरेच दिवस ते गप्प गप्प होते. माझ्याच काउंटरवरच्या मेघाने विचारलं, "सर, काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. नियम बरोबर आहे, पण वाईट वाटतंच ना."

ट्रस्टच्या एका विश्वस्तांनाही आपल्या मशीनवर सगळे अधिकार हवे होते. माणूस मोठा, सत्काराच्या शाली ठेवायला घरी वेगळं कपाट. सरांनी त्यांना हॉस्पिटलातलं सगळ्यात किरकोळ खातं उघडून दिलं आणि पडद्यावर त्यांच्या नावाआधी 'सर्वाधिकारी' असं लिहून दिलं. साहेबांना फाईल पुसतासुद्धा येत नव्हती, पण ते भेटेल त्याला पडदा दाखवत.

सर असे का झाले, याच्या दोन कहाण्या होत्या. एक अशी, की आधी अंबडच्या एका कारखान्यात असताना त्यांनी मोठ्या खात्यात बसून एकच चुकीचा हुकूम दिला आणि गोदामाची अख्खी नोंद पुसली गेली. दुसरी अशी, की पुसली तिथल्या साहेबांनी आणि नाव आलं यांच्यावर. मी एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, "पुसता येत होतं, हेच चूक होतं." यातून काय समजायचं ते समजा. एवढं खरं, की ते काही पुसत नसत. नोकरी सोडून गेलेल्यांची खातीसुद्धा त्यांनी ठेवली होती. फक्त परवानग्यांच्या यादीतून नाव काढत.

त्यांचा आणखी एक दंडक होता. दुसऱ्याच्या कीबोर्डला ते हात लावत नसत. "दुसऱ्याच्या ताटात हात घातल्यासारखं वाटतं," म्हणत. सगळ्या मशीनची दुरुस्ती ते वर, आपल्या खोलीत बसून, तारेवरून करत. त्यामुळे खाली आम्ही त्या मशीनपुढे नेमके कसे राहतो, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. त्या गुरुवारी सगळं अडलं ते इथे.

गुरुवारी मुंबईचे मणक्याचे सर्जन येत. महिन्यातून एकदाच. देवळ्याजवळच्या गावातले एक शाळामास्तर, आम्ही त्यांना गुरुजी म्हणू लागलो होतो, बायकोला घेऊन आदल्या दिवशी आले होते. मणक्यात नस दबलेली. उजव्या पायाची जाणीव कमी कमी होत चाललेली. सकाळी सर्जननी तपासलं आणि स्वच्छ सांगितलं, आज ऑपरेशन झालं तर पाय परत येईल. महिनाभर थांबलात तर मी शब्द देत नाही. गुरुजींची विम्याची पॉलिसी होती. कागद स्कॅन करून पाठवायचे, मंजुरी आली की नाव ऑपरेशनच्या यादीत. मंजुरी नसेल तर सगळी रक्कम आधी भरा, असा ट्रस्टचा नियम. गुरुजी ती कुठून भरणार? मला विचारायची गरज पडली नाही, कारण त्यांनी आल्या आल्याच सांगितलं होतं, "साहेब, जे हाय ते त्या कार्डात हाय."

कोणाचीच परवानगी न विचारणारा जुना स्कॅनर त्याच आठवड्यात बंद पडला होता आणि काउंटरच्या मशीनला नवा जोडला होता. मी कागद लावले आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं: कोणतेही उपकरण आढळले नाही. उपकरण माझ्या कोपराला लागून, हिरवा दिवा लावून बसलं होतं.

मी इंटरकॉम उचलला. "सर, नवा स्कॅनर दिसत नाही."

"मला दिसतोय," सर म्हणाले. "काल मोठ्या खात्यातून तपासला. उत्तम आहे."

"तुम्हाला दिसतो, आम्हाला दिसत नाही."

"म्हणजे परवानगीचा प्रश्न. थांबा." चपला सरकवल्याचा आवाज मला फोनमध्ये आला. "स्कॅनर वापरणाऱ्यांच्या यादीत तुम्हाला घातलं. मेघाला घातलं. सगळ्याच स्टाफला घालतो, हजेरीपटाच्या क्रमाने. झालं. उतरलो. करा आता."

केलं. उपकरण आढळलं नाही.

"बंद करून चालू केलं का?" त्यांनी विचारलं.

मेघा माझ्या शेजारी होती. तिने स्क्रीनचं बटण दाबलं, स्क्रीन काळी झाली, पुन्हा दाबलं, उजळली. "हो सर, केलं!" ती फोनकडे तोंड करून ओरडली.

आमच्याकडे मशीन बंद करणं म्हणजे स्क्रीन बंद करणं. त्याला कारण होतं. आमच्याआधी त्या काउंटरला पुष्पाताई होत्या. त्यांनी एका नवरात्रात पडद्यावर सप्तशृंगीचं मोठं चित्र लावलं. ताई निवृत्त झाल्या, चित्र राहिलं. सकाळी पहिला येणारा स्क्रीन लावायचा, देवीला हात जोडायचा आणि कामाला लागायचा. मशीन खरोखर बंद केलं तर चित्र जाईल, आणि ते परत कसं आणायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. इन्व्हर्टर असल्यामुळे वीज गेली तरी मशीन जायचं नाही. त्यामुळे ताई जाताना जसं होतं तसंच ते चालू होतं, आणि आम्ही सगळे त्यावर काम करत होतो. त्यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. देव्हारा कोणी रोज उचकटून पुन्हा बसवत नाही.

जेवणाची वेळ टळून गेली. मोबाइलवर फोटो काढून पाठवावे तर सरांनीच मागे, कोणीतरी पेशंटचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर फिरवल्यावर, ते सगळं बंद केलं होतं. पेन ड्राइव्हची भोकं तर त्यांनी ड्रेसिंगच्या पांढऱ्या चिकटपट्टीने बुजवली होती. आणि विमा कंपनी कागद घ्यायची ते फक्त हॉस्पिटलच्या मशीनवरून. सगळ्या वाटा सरांनी विचारपूर्वक बंद केलेल्या, आणि जी एक उघडी ठेवली होती ती उघडत नव्हती.

गुरुजी काउंटरपुढून हलले नव्हते. आपण इथेच बसून असल्याचं फोनवर भावाला अहिराणीत सांगत होते, "नही भो, आजून काहीच व्हयनं नही. मी आठेच बठेल शे." फोन ठेवून आमच्याशी बोलताना पुन्हा मराठी. "साहेब, तुम्ही जेवून घ्या. मी हाय इथं. मशीनकडे बघतो."

मशीनकडे बघून काय होणार होतं? पण ते खरंच बघत बसले.

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरांचा फोन आला. "चारला यादी लागते. देवळ्याच्या बाईंचं काय?"

"स्कॅनर चालत नाही."

"मग मी काय स्कॅनरला भूल देऊ? मंजुरी नाही तर नाव नाही. दुसरा पेशंट उपाशी बसलाय. माझ्यावर चिडू नका, मी पण नोकरीच करते."

मी सरांना पुन्हा फोन लावला. ते म्हणाले, "यादी बरोबर आहे." पुन्हा लावला. "यादी बरोबर आहे. दोनदा वाचली." तिसऱ्यांदा मी फोन न लावता जिना चढलो.

सर पडद्यापुढे अनवाणी बसले होते. समोर नावांची यादी. मी म्हटलं, "सर, तुमच्या मोठ्या खात्याला स्कॅनर दिसतो. खाली या, ते खातं उघडा, चार कागद स्कॅन करा, संपलं."

"नाही."

"का नाही?"

"आज एकासाठी मी ते खातं खाली, चार लोकांत उघडलं, की उद्यापासून तोच रस्ता. मग साध्या माणसाला स्कॅनर चालतो की नाही, हे कोणी बघणारच नाही. अडलं की बोलवा मला. सही करणाऱ्या साहेबासारखं."

"सर, एका बाईचा पाय जाईल."

हे मी जरा मोठ्याने म्हणालो असेन. शेजारच्या लॅबमधलं बोलणं थांबलं. सरांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. मला वाटलं, आता हा माणूस मला ते अधिकार वाटायचं वाक्य ऐकवणार, आणि ऐकवलं तर मी काय करीन याची मलाच खात्री नव्हती.

त्यांनी ऐकवलं नाही. ते यादीकडे बघत म्हणाले, "तुमचं नाव आहे. मेघाचं आहे. मशीन नाही म्हणतंय." खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, "मग मशीनपुढे बसलंय कोण?"

"मीच बसलोय की सकाळपासून!"

"तुम्ही म्हणताय. मशीन काय म्हणतंय ते बघा." त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. "काळी खिडकी उघडा. हू, ॲम, आय. तीन इंग्रजी शब्द, मधे जागा सोडायची नाही. एंटर मारा."

मी कोण आहे, हा प्रश्न विचारण्यासाठी लोकांनी हिमालय गाठल्याचं मी वाचलं आहे. मी जिना उतरलो. मेघा बाजूला सरकली, गुरुजी काउंटरवरून पुढे वाकले. मी अक्षरं टाइप केली आणि एंटर मारलं. खालच्या ओळीत एकच शब्द उमटला.

मेघाने तो मोठ्याने वाचला. "पुष्पा."

"कोण पुष्पा?" गुरुजींनी विचारलं.

मी इंटरकॉम उचलला. "सर, पुष्पाताई आहेत."

"त्या तर निवृत्त झाल्या. मी स्वतः यादीतून काढलं त्यांना."

"हो."

"मग त्यांच्या खात्यात कोण काम करतंय?"

"सगळेच."

पलीकडे कीबोर्डची दोन-चार बटणं वाजली. मग म्हणाले, "केव्हापासून?"

"त्या गेल्यापासून. त्यांनी उघडून ठेवलेलं आम्ही बंदच केलेलं नाही."

"मघाशी बंद करून चालू केलंत ना?"

मेघाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "स्क्रीन."

फोन न ठेवताच सर उठले, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. म्हणजे एवढी वर्षं सरांनी ज्या साध्या माणसांना मोजूनमापून परवानग्या दिल्या, त्यांतला एकही त्या मशीनवर कधी बसला नव्हता. आमच्या सगळ्यांच्या जागी एक निवृत्त बाई काम करत होत्या.

जिन्यावरून सर येताना दिसले. कठड्याला धरून, एक एक पायरी. ते काउंटरला आलेले मी कधी पाहिले नव्हते. आणि ते अनवाणी होते. म्हणजे वर मोठं खातं उघडंच टाकून आले होते. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

त्यांनी पडदा पाहिला, देवी पाहिली. "हे खातं बंद करावं लागेल. तुमच्यापैकी एकाने आपल्या नावाने आत जायचं. पासवर्ड टाका."

मी मेघाकडे पाहिलं, मेघाने माझ्याकडे.

"प्रत्येकाला पाकिटात घालून दिला होता," सर म्हणाले.

"सर, कधी लागलाच नाही हो," मेघा म्हणाली. "माझं पाकीट घरी असेल. म्हणजे, असेल."

"तुमचं?"

मला पाकीट मिळाल्याचंसुद्धा आठवत नव्हतं.

"नवा पासवर्ड वर जाऊन द्यावा लागेल," सर जिन्याकडे बघत म्हणाले. त्यांच्या गुडघ्यांकडे बघून मला वेळेचा अंदाज आला. इंटरकॉम वाजला. सिस्टर. "मी पेन हातात घेऊन बसलेय," एवढंच म्हणाल्या.

तेव्हा सरांनी मेघाला विचारलं, "मी बसू का इथे?" ती उठली. सर बसले, शर्टाच्या टोकाला हात पुसले आणि थांबले. "माझा स्वतःचा साधा पासवर्ड मला पाठ आहे. रोज वापरतो. यादीत शेवटचं नाव माझं आहे." मग कोणाला म्हणाले कोण जाणे, "सामान्य वापरकर्ता म्हणून."

"पण सर, देवी जाईल," मेघा पुटपुटली. "आज गुरुवार, पेशंट ऑपरेशनला जायचाय. आजच कशी घालवायची?"

मला हसायला हवं होतं. एवढी पुस्तकं वाचलेला माणूस मी. पण माझाही हात पुढे झाला नाही. सरांचाही बटणावर थांबला. सर्वाधिकार असलेला माणूस, सगळी पुस्तकं वाचलेला माणूस आणि मेघा, तिघेही एका चित्रापुढे बसून होतो आणि घड्याळ चाललं होतं.

गुरुजी काउंटरवरून आत वाकून बघत होते. "ही आमच्या वणीची ना?" ते म्हणाले. "गडावर दरवर्षी जातो आम्ही. मंडळी पायऱ्या चढून जायची, परवापर्यंत." त्यांनी पडद्याला हात जोडले. मग म्हणाले, "ती गडावर हाय, साहेब. इथं काय बसलीय का? करा बंद. काय पाप लागलं तर माझ्या नावावर."

सरांनी बटण दाबलं. देवी गेली. निळा, रिकामा पडदा आला आणि त्यात नाव विचारणारी एक छोटी चौकट. सरांनी आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. स्कॅनरची खिडकी उघडली. उपकरण आढळले.

मेघाने टाळी वाजवली. सरांनी तिला हातानेच गप्प केलं. मी कागद लावायला पुढे झालो तर म्हणाले, "नाही. खातं माझं आहे, जबाबदारी माझी. मीच करतो." त्यांनी गुरुजींच्या हातातून फाईल घेतली. डॉक्टरांची चिठ्ठी, रिपोर्ट, पॉलिसी, ओळखपत्र, एक एक कागद काढून, टेबलावर ठोकून सगळ्यांच्या कडा जुळवल्या. मुंजीत भिक्षावळीची झोळी धरावी तसे ते दोन्ही हातांत घेऊन स्कॅनरच्या वरच्या ट्रेमध्ये ठेवले. बटण दाबलं. कागद एकेक करून आत ओढले जाऊ लागले, तो घरघराट आम्ही चौघेही ऐकत होतो. गुरुजींचे ओठ हलत होते.

"झालं?" गुरुजींनी विचारलं.

"झालं," सर म्हणाले.

विमा कंपनीचा पासवर्ड मात्र मेघाला पाठ होता. तो अख्ख्या तळमजल्याला पाठ होता. तिने फाईल चढवली, पाठवली. मग वाट बघणं. सर खुर्चीतून उठले नाहीत. वर त्यांचं मोठं खातं उघडं होतं आणि कोणीही जाऊन काहीही पुसू शकत होतं, हे त्यांना आठवत असणारच. त्यांची पावलं टेबलाखाली एकमेकांवर घासत होती.

सिस्टरांचा फोन वाजला. मी उचलून म्हटलं, "पाच मिनिटं."

"पाच मिनिटं मला सगळेच मागतात," त्या म्हणाल्या, पण फोन ठेवला नाही. मला पलीकडून ट्रॉलीची चाकं ऐकू येत होती.

पडद्यावर मंजुरीचं पत्र आलं ते मेघाने आधी पाहिलं. ती काही बोलायच्या आत मी फोनमध्ये म्हटलं, "लिहा नाव."

गुरुजी खाली बसले. बाकावर नाही, फरशीवरच. मग उठले आणि सरांचे पाय धरायला गेले. सर दचकून मागे सरकले. "मला नका, मला नका. मी काहीच केलेलं नाही. मी फक्त माझ्या परवानगीत होतं तेवढं केलं." आणि कठडा धरून जिना चढून गेले. मला वाटतं, वर जाऊन ते "उतरलो" म्हणाले असतील.

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. पावसाळा सरता सरता गुरुजींची मंडळी तपासणीला आली ती स्वतःच्या पायांनी, काठी घेऊन. आमच्या काउंटरला त्यांनी कांद्याची एक गोणी दिली. सरांनी आपल्या वाट्याचे कांदे घेतले नाहीत. मग मेघाने नियम विचारल्यावर दोन घेतले.

सर निवृत्त झाले तेव्हा विश्वस्तांनी भाषण केलं. सत्तेचा मोह न ठेवणारा माणूस, लोकशाहीचा खरा पाईक, असं बरंच काही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी मोठं खातं वापरलं असतं तर काम दुपारीच झालं असतं, हे मला माहीत होतं. तरी त्या अनवाणी पायांसमोर माझे सगळे टोमणे मी आवरते घेतले होते.

यंदा हिशेब तपासनीस आले आणि त्यांनी जुन्या मंजुऱ्यांच्या फाइली मागितल्या. देवळ्याच्या बाईंची फाईल मीच काढली. मंजुरीचं पत्र वर होतं. त्यात लिहिलं होतं, की आपण पाठवलेल्या सर्व कागदपत्रांची बारकाईने छाननी करून ही मंजुरी देण्यात येत आहे. त्याखाली आम्ही पाठवलेली पानं होती. आमच्या स्कॅनरला कागदाची लिहिलेली बाजू खाली लागते. सरांनी ती वर ठेवली होती. सगळी पानं कोरी आहेत.